जिजीला मारू नका : एका कादंबरीचा खर्डा आणि तिचे पहिले वाचक

हे प्रकरण २०१८ ते २०२४ या काळातलं आहे. कादंबरीकार बाईंच्या परवानगीनं लिहितो आहे. त्यांचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, काही बदलले आहेत. मी या कादंबरीचा संपादक होतो. त्यामुळे काही चुकांमध्ये माझाही वाटा आहे, तो जिथल्या तिथं सांगेन.

पार्श्वभूमी

लेखिका सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात. माहेर माणदेशातलं. पहिल्या कादंबरीची आवृत्ती हळूहळू का होईना, संपली होती. दुसरीचा विषय त्यांच्या डोक्यात लहानपणापासून होता : बहात्तरचा दुष्काळ. त्यांचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या घरात काळ मोजायची खूणच ती होती. लग्न बहात्तरच्या आधीचं की नंतरचं, विहीर बहात्तरच्या आधीची की नंतरची.

१९७०पासूनच पावसानं ओढ दिलेली होती आणि १९७२ला कळस झाला. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारच्या दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि सगळ्यांत जास्त आठवणीत राहिलेली खडी. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो. कामावर पोरांना सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ. कादंबरीची नायिका चंद्रा चौदा वर्षांची, आईबरोबर खडी फोडायला जाणारी. घरी तिची आजी, जिजी. मूळ आराखड्यात जिजी सातव्या प्रकरणात मरते आणि पुढची सगळी कादंबरी त्या रिकाम्या जागेभोवती फिरते.

बाई हातानं लिहितात. रेघी फुलस्केप वही, डाव्या पानावर मजकूर, उजवं पान कोरं. उजव्या पानावर नंतर सुचलेलं, विचारायचे प्रश्न, खोडलेल्याचं कारण. पहाटे साडेचार ते साडेसहा, कॉलेजच्या आधी. एक प्रकरण पुरं झालं की गावातल्या टायपिंग करणाऱ्या मुलाकडे जातं. २०१९च्या मेपर्यंत सहा प्रकरणं झाली होती, सातवं अर्धं होतं.

अडचण कशी सुरू झाली

एका दिवाळी अंकाकडून 'आगामी कादंबरीतला अंश' मागणारा फोन आला. मराठीत हे मानाचं आमंत्रण असतं. १९०९च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासून मराठी लेखक दिवाळीला वाचकाच्या घरात जातो, आणि ज्याचं नाव अंकात असतं त्याचं पुस्तक पुढं निघणार हे वाचक धरून चालतो. बाईंनी मला विचारलं. मी म्हणालो, "द्या मॅडम, वातावरणनिर्मिती होईल." मी विचार विक्रीचा केला, खर्ड्याचा केला नाही.

त्यांनी तिसरं प्रकरण दिलं. त्यात जिजी हुलग्याचं माडगं रांधताना चंद्राला सांगते, की पाणी वाढवलं की भूक फसते, पण दोनदाच. तिसऱ्यांदा तिला कळतं. प्रकरण फार चांगलं होतं, तिथंच सगळा घोळ झाला. दिवाळीनंतर दोन महिने फोन येत राहिले. नागपूरहून एक निवृत्त तलाठी, पुण्यातल्या दोन मैत्रिणी, बहरीनमध्ये नोकरी करणारा एक मुलगा, ज्याला त्याची आजी आठवली. प्रत्येकाचं म्हणणं फिरून फिरून जिजीवर यायचं. एका बाईंनी स्पष्टच सांगितलं, "काहीही करा, जिजीला मारू नका."

आता लेखिकेला हे बोलणं विसरता येईना. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कॉलेज बंद झालं, पहाटेबरोबर दिवसही मोकळा झाला आणि त्यांनी चार प्रकरणं लिहिली. चारही प्रकरणांत जिजी जिवंत होती. बोलत होती, शहाणपण सांगत होती, वाचकाला हवं ते सगळं करत होती. चंद्रा मात्र तिच्या मागं मागं सरकत गेली. दुष्काळाची कादंबरी आजीच्या गोष्टींची होऊ लागली.

त्यातच दुसरं घडलं. टाळेबंदीत बाईंनी सात जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला आणि प्रत्येक प्रकरण लिहून झालं की स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवायला लागल्या. हेतू चांगला होता. पण सात जणांची मतं सात दिशांना. पुण्यातल्या वाचकाला माडगं, कोरड्यास हे शब्द अडले, तेव्हा निवेदन प्रमाण मराठीत आलं. माणदेशातल्या वाचकाला ते कोरडं वाटलं, तेव्हा परत बोलीत गेलं. एकानं सुचवलं, मुकादम खलनायक करा, केला. दहाव्या प्रकरणाच्या मध्यावर लेखन थांबलं. नोव्हेंबर २०२०पासून जवळजवळ अकरा महिने वहीत एक ओळ पडली नाही.

त्यांनी मला ऑक्टोबर २०२१मध्ये घरी बोलावलं, वह्या समोर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सर, हे कोणी लिहिलंय ते मला ओळखू येत नाही."

समोर असलेले पर्याय

आम्ही त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात चार वाटा बोललो.

पहिली, आहे तसं पुढं न्यायचं. जिजी वाचकांना आवडली आहे, तिचीच कादंबरी होऊ द्यायची. माझ्या प्रकाशकाला ही वाट पटली असती. बाईंनी ती पाच मिनिटांत नाकारली.

दुसरी, क्रमशः छापायचं. दर महिन्याला एक प्रकरण दिलं की लेखकावर शिस्त बसते आणि मागं जाऊन पुसता येत नाही. आपल्याकडे ही जुनी चाल आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यांच्या कादंबऱ्या आठवड्या-आठवड्यानं वाचकांपुढं आल्या. पण क्रमशः लिहिणाऱ्याला वाचकाचा आवाज ऐकूनही आपली चाल सोडायची नाही एवढी पक्की मांड लागते. बाईंची मांड नुकती सुटलेली होती. ही वाट त्या वेळी धोक्याची होती.

तिसरी, दार लावून घ्यायचं. पूर्ण होईपर्यंत कोणालाही काही दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही.

चौथी वाट बाईंनीच काढली. ज्यांनी खडी फोडली त्यांच्यासमोर वाचायचं. त्या बायका आता पासष्टीच्या पुढं गेल्या आहेत, आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही. मी याला विरोध केला. मला वाटलं, सात वाचकांनी एवढा गोंधळ केला तर आख्खं गाव काय करेल. बाईंचं उत्तर मी तेव्हा लिहून ठेवलं होतं : "त्या सात जणांनी मला काय व्हावं ते सांगितलं. या बायका मला काय झालं ते सांगतील."

शेवटी तिसरी आणि चौथी वाट एकामागून एक घ्यायची ठरली. आधी दार बंद, मग गाव.

काय केलं

सगळ्यात आधी मूळ खर्डा शोधायचा होता. टायपिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक दुरुस्ती जुन्या मजकुरावरच झाली होती. आधीची फाइल एका जुन्या फाँटात होती, युनिकोड नव्हे, आणि नव्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांची जाळी दिसायची. वाचवलं ते वह्यांनी. डाव्या पानावरचा पहिला मजकूर तसाच होता आणि उजव्या पानावर प्रत्येक बदलाचं कारणही होतं. सातव्या प्रकरणासमोर एकच ओळ होती : 'फोन आला. मरू द्यायची नाही.' ती ओळ वाचून बाई बराच वेळ गप्प बसल्या. टाळेबंदीत लिहिलेली चार प्रकरणं त्यांनी वहीतून फाडली नाहीत, दोऱ्यानं बांधून ट्रंकेत ठेवली.

जानेवारी २०२२पासून ग्रुप बंद. सात जणांना त्यांनी एकेक फोन केला, कारण सांगितलं, आभार मानले. दोघं दुखावले. मी स्वतः या काळात फक्त महिन्याच्या शेवटी एक प्रश्न विचारायचो, किती पानं झाली. सप्टेंबरअखेर पहिला पूर्ण खर्डा झाला. त्यात जिजी सातव्याच प्रकरणात गेली होती.

मग फेब्रुवारी २०२३मध्ये गाव. माहेरच्या गावाला नाही, शेजारच्या. माहेरी ओळखीची माणसं कौतुक करतील ही भीती होती. हा छोटा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. देवळाच्या सभामंडपात दुपारी तीनला, शेतातली गडबड नसेल अशा वेळी, एकोणीस माणसं जमली. त्यातल्या चौदा बायका. बाईंनी पाचवं प्रकरण वाचलं, खडीचं. चाळीस मिनिटं.

वाचताना एका ठिकाणी चंद्रा डाव्या हातानं दगड धरते आणि उजव्या हातानं हातोडी मारते. पुढच्या रांगेतल्या आजी मध्येच म्हणाल्या, "आगं पोरी, असं धरून खडी फुटती व्हय? पयल्याच दिशी बोटं जातील." त्या पुढं सरकल्या. देवळाच्या पायरीवरचा एक दगड घेतला, डाव्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला पदराचं टोक गुंडाळलं आणि दाखवलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तिथं बांधायचा. तो ज्याच्याकडे असेल तो श्रीमंत. नसेल तर चिंध्या, आणि चिंधी संध्याकाळी सोडताना कातड्याला चिकटलेली असायची म्हणून आधी पाण्यात धरायची. पण पाणी कुठलं? मग तोंडातली लाळ. हे सांगताना त्यांचा अंगठा पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या कोनातच वाकला होता. कोणी फोटो काढला नाही. बाईंनी वही उघडली आणि उजव्या पानावर लिहिलं.

आणखी एक दुरुस्ती झाली. खर्ड्यात एक माणूस 'रोजगार हमीवर जातो' असं म्हणत होता. म्हातारे लगेच म्हणाले, त्या वेळी असं कोणी म्हणत नव्हतं, 'दुष्काळी कामावर' म्हणायचे. खरंच आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. योजनेची सुरुवात १९७२मध्ये झाली असली तरी तो शब्द लोकांच्या तोंडी नंतर बसला. पुस्तकं वाचून आम्हाला वर्ष बरोबर सापडलं होतं, तोंडातला शब्द सापडला नव्हता.

चहा झाल्यावर बाईंनी धीर करून सातव्या प्रकरणाची शेवटची चार पानं वाचली. जिजीचं मरण. मी श्वास रोखून बसलो होतो, आता कोणीतरी म्हणणार की मारू नका. कोणीच म्हणालं नाही. बराच वेळानं मागून एक आवाज आला, "म्हातारी जेवली हुती का गं त्या दिशी?"

खर्ड्यात याचं उत्तर नव्हतं. चार पानांत वारा होता, कंदील होता, चंद्राच्या मनातली उलथापालथ होती. म्हातारी जेवली होती का, हे लेखिकेनं स्वतःलाच विचारलं नव्हतं. परतीच्या एसटीत त्या एवढंच म्हणाल्या, "चार पानं गेली." पुढं त्यांनी ती काढून दीड पान लिहिलं. त्यात जिजी आपली मिलोची अर्धी भाकर चंद्राच्या फडक्यात बांधते आणि चंद्राला ते दुसऱ्या दिवशी दुपारी, खडीवर, फडकं सोडताना कळतं. मरण त्या फडक्यात आहे. मी आजवर संपादलेल्या पानांपैकी हे दीड पान मला सगळ्यांत जवळचं आहे.

सगळ्यांत अवघड निर्णय

त्याच संध्याकाळी एका आजींनी बाईंना घरी नेलं आणि स्वतःच्या आईची कामावरची एक हकिगत सांगितली. ती मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की ती ऐकल्यावर कुठल्याही कादंबरीकाराला आपलं पुस्तक तिच्याशिवाय अपुरं वाटेल. बाईंनी तिथंच विचारलं, "आजी, हे मी लिहू का?" त्या म्हणाल्या, "लिव्ह. नाव घालू नगंस." बाईंनी नवव्या प्रकरणात ती घातली, नाव-नातं बदलून.

तीन आठवड्यांनी आजींच्या मुलाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. नाव बदललं तरी चार गावांत ती गोष्ट कोणाची हे ठाऊक आहे, आणि आजीचं काय, ती आज हो म्हणते, पण पुस्तक आल्यावर लोक बोलतील तेव्हा ती घरातच असेल, असं त्याचं म्हणणं.

मी ठेवण्याच्या बाजूनं होतो. संमती आजींची आहे, मुलाची नाही. गोष्ट त्यांच्या आईची. शिवाय असे प्रसंग लिहिले गेले नाहीत तर ते कायमचे जातील. हे सगळे मुद्दे मी मांडले आणि आजही ते मला पोकळ वाटत नाहीत. बाई पुन्हा गावी गेल्या, एकट्या. आजींना लिहिलेली पानं वाचून दाखवली. आजींनी ऐकली, आणि "बरं लिवलंस" एवढंच म्हणाल्या. पण वाचताना त्या सारखं दाराकडे बघत होत्या, सून ऐकत नाही ना म्हणून. बाईंनी तेवढ्यावर ठरवलं. प्रसंग काढला. त्या जागी दुसरं काही रचून घातलं नाही. नववं प्रकरण त्यामुळे छोटं आहे आणि दोन समीक्षकांना ते घाईत उरकल्यासारखं वाटलं. बाईंनी त्यावर कुठंही खुलासा केला नाही.

शेवटच्या फेरीचे वाचक

पूर्ण खर्डा २०२३च्या पावसाळ्यात पाच जणांना दिला. यातला एकही जुन्या ग्रुपमधला नव्हता. एक निवृत्त ओव्हरसियर, जे दुष्काळी कामावर मापं घ्यायचे आणि ज्यांना ब्रासचा, म्हणजे खडी मोजायच्या मापाचा, हिशेब तोंडपाठ होता. एक पंचविशीची मुलगी, जिला बहात्तर म्हणजे काहीच माहीत नव्हतं. बाकी तिघं सराईत वाचक. प्रत्येकाला वेगवेगळा, दोन महिने मुदत, आणि एकमेकांची नावं सांगितली नाहीत.

'कशी वाटली' हे विचारायचं नाही असं ठरलं. बरोबर एक कागद दिला. कुठं खाली ठेवावीशी वाटली? कुठं परत मागं जाऊन वाचलं? कुठला शब्द अडला आणि पुढच्या दोन ओळींत तो कळला का? कोणाबद्दल वाचायचं राहून गेलं? ही उत्तरं भांडणाची नसतात, खुणांची असतात. पाचांपैकी चौघांनी अकराव्या प्रकरणात एकाच ठिकाणी पुस्तक खाली ठेवलं होतं. तिथली सहा पानं गेली. शब्दांच्या प्रश्नावर मुलीनं लिहिलं की माडगं तिला माहीत नव्हतं, पण ते 'पातळ होत होत पाणी झालं' इथवर आल्यावर विचारायची गरज उरली नाही. शब्दार्थांची सूची घालायची की नाही हा दोन वर्षांचा वाद तिथं मिटला. सूची नाही. संवाद बोलीत, निवेदन साधं.

मुकादमाबद्दल ओव्हरसियरांनी समासात लिहिलं होतं, 'तोही दुष्काळातलाच होता.' खलनायक पुन्हा माणूस झाला.

निष्पत्ती

कादंबरी २०२४मध्ये आली. आवृत्ती हजार प्रतींची. खप समाधानकारक आहे, गाजली असं म्हणता येणार नाही. दिवाळी अंकातली जिजी आठवणाऱ्या दोन वाचकांनी नाराजीची पत्रं लिहिली; त्यातल्या एका पत्राचा शेवट असा होता, की फडक्याचं पान वाचून भांडायचा जोर गेला. प्रकाशनाचा समारंभ शहरात न करता त्याच सभामंडपात वाचन केलं. अंगठा दाखवणाऱ्या आजी तोवर राहिल्या नव्हत्या. त्यांच्या नातीनं पाचव्या प्रकरणातलं ट्यूबचं पान वाचलं.

वेगळं काय करता आलं असतं

दिवाळी अंकाला अंश द्यायचा असेल तर तो पुऱ्या झालेल्या खर्ड्यातला द्यायला हवा होता, किंवा निदान ज्या पात्राचं भवितव्य अजून लेखकाच्या हातात ओलं आहे त्याचा नको होता. पहिलं प्रकरण देता आलं असतं. त्यात जिजी फक्त एकदा खोकते. ही चूक माझी. या एका चुकीनं अकरा महिन्यांचा खाडा पडला, आणि काही लेखक अशा खाड्यातून परत येत नाहीत.

ग्रुपमधल्या सात जणांना मी दोष देत नाही. त्यांना प्रश्न दिले नव्हते, म्हणून त्यांनी उपाय दिले. तोच प्रश्नांचा कागद २०२०मध्ये असता तर कदाचित ग्रुप उपयोगी पडला असता. की ताजं प्रकरण त्याच दिवशी आवाजात पाठवणं हेच मुळात घाईचं होतं? यावर बाईंचं आणि माझं एकमत नाही. त्यांना वाटतं, स्वतःच्या आवाजात वाचल्यावर वाक्याचा खोटेपणा कळतो, आणि ते त्या सोडणार नाहीत. मला वाटतं, वाचा, पण पाठवू नका.

गावातल्या वाचनात संमतीचा विचार आधी व्हायला हवा होता. वाचनाआधीच सांगायला हवं होतं, की आज तुम्ही जे सांगाल ते पुस्तकात येऊ शकतं, आणि छापायला जाण्याआधी कधीही नको म्हणता येईल, घरच्यांशी बोलून मग सांगितलं तरी चालेल. मग आजींना दाराकडे बघावं लागलं नसतं. वगळलेल्या प्रसंगाची पानं बाईंनी त्यांच्याच घरी नेऊन दिली. छापलेली किंवा टाइप केलेली प्रत ठेवली नाही, आणि वहीतलं ते पान त्यांनी माझ्यासमोर कापून काढलं.

सध्या तिसऱ्या कादंबरीचं काम चालू आहे. या दिवाळीसाठी पुन्हा अंश मागणारा फोन आला होता, तेव्हा त्यांनी मला विचारलं नाही, परस्पर नाही म्हणून सांगितलं. पाच वह्या भरल्या आहेत असं कळतं. मी त्यातलं एकही पान अजून पाहिलेलं नाही.